वाचणारी एक, अर्थ सांगणारा दुसरा

आमच्या गावात पोथी दोघं मिळून वाचतात. एकानं ओवी वाचायची आणि दुसऱ्यानं तिचा अर्थ सांगायचा. वाचणारा तो वाचक, अर्थ सांगणारा तो सूचक. वाचकाचा आवाज चांगला पाहिजे आणि जीभ अडखळता कामा नये, एवढीच अट. त्याला स्वतःला अर्थ कळतो का, हे कुणी विचारत नाही. ते सूचकाचं काम. श्रावण लागला की मारुतीच्या देवळात दुपारची सतरंजी पडते, भोंगा लागतो, आणि महिनाभर हे चालतं. माझी मुलगी चौथीत असल्यापासून या पोथीची वाचक आहे.

तिचं वाचन ऐकून परगावचे पाहुणे विचारायचे, ही कुणाची लेक म्हणून. जुन्या मराठीतले शब्द, जे वाचताना माझी दातखीळ बसते, ते ती सरळ वाचत जायची. मी हे अभिमानानं सांगते आहे, आणि पुढचंही तितक्याच सरळ सांगते. ती जे वाचायची त्यातलं तिला फार थोडं कळायचं. हे आम्हाला कळायला काही वर्षं गेली. इतकं सुरेख वाचणाऱ्या पोरीबद्दल असा संशय घ्यायचा तरी कुणी?

आमची पिठाची गिरणी आहे. नवरा परळीच्या थर्मलची, म्हणजे वीज केंद्राची, राख ट्रकमधून सिमेंटच्या कारखान्यांना पोचवतो, आठवड्यातून एखादा दिवस घरी दिसतो. गिरणी माझी. घोडं कुठं पेंड खातं ते मला पहिल्यांदा तिथं दिसलं. श्रावणातला सोमवार होता. गल्लीतल्या एक काकू उपवासाचं दळण घेऊन आल्या होत्या, भगर आणि राजगिरा. त्याआधी बाजरी दळून झाली होती. मी मुलीला म्हटलं, "उपवासाचं दळण टाकायच्या आधी गिरणी झाडून घे," आणि कपडे वाळत घालायला मागं गेले. मुलीनं आधी उपवासाचं दळण टाकलं. ते दळून झाल्यावर गिरणी स्वच्छ झाडली. काकू तासाभरात डबा घेऊन परत आल्या. पिठाचा रंगच सांगत होता. "सोमवार मोडला माझा," एवढंच म्हणाल्या आणि डबा माझ्यापुढं आपटला.

माझा स्वभाव तसाही शांत नाही. मी मुलीला विचारलं, "कावून केलंस असं?" ती म्हणाली, "तू सांगितलं तसंच केलं." ती खोटं बोलत नव्हती. तिच्या तोंडाकडं बघून ते कुणालाही कळलं असतं, आणि त्यामुळंच माझा संताप आणखी वाढला. खोटं बोलली असती तर निदान रागवायला जागा होती.

मग मी लक्ष ठेवायला लागले. साधं सांगितलं की ती बरोबर करायची. "पाणी आण" म्हटलं की पाणी. "भाकरी खाल्ल्याशिवाय खेळायला जायचं न्हाई" म्हटलं की भाकरीही तशीच आणि खेळही तसाच, उंबऱ्यावर बसून राहायची. तिला वाटायचं मी दोन्ही गोष्टींना नाही म्हटलंय. बायका म्हणाल्या, गिरणीच्या आवाजानं पोरीचे कान गेले. कुणी म्हणालं जीभ जड आहे, वेखंड घासा. जीभ जड असलेली पोर पोथी वाचते कशी, हे मी विचारलं, तरी त्यांनी वेखंड आणून दिलंच. कुणीतरी कपिलधारच्या धबधब्याखाली उभं करायला सांगितलं. तेही केलं. ती सर्दी घेऊन घरी आली आणि आठवडाभर वाचकाचा आवाज बसला, तेवढाच परिणाम. चुका होतच राहिल्या आणि वर्षं गेली. ती सातवीत गेली तेव्हा मात्र मी नवऱ्याच्या मागं लागले.

नवऱ्यानं एक दिवस ट्रक उभा केला आणि आम्ही तिला अंबाजोगाईच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. कान ठणठणीत निघाले. तिथून आम्हाला एका मॅडमकडं पाठवलं, मुलांची भाषा तपासणाऱ्या. त्यांच्या टेबलावर चित्रं होती. एका चित्रात गाय घोड्याला ढकलत होती, दुसऱ्यात घोडा गायीला. मॅडम म्हणाल्या, "गाय घोड्याला ढकलते." मुलीनं बरोबर चित्रावर बोट ठेवलं. मी नवऱ्याकडं बघितलं. मग मॅडम म्हणाल्या, "ज्या गायीला घोडा ढकलतोय ती गाय दाखव." मुलीनं पुन्हा तेच पहिलं चित्र दाखवलं. मॅडमनी वाक्य पुन्हा म्हटलं, सावकाश. मुलगी पुन्हा तिथंच. मग त्यांनी तोडून सांगितलं. "एक घोडा आहे. तो ढकलतोय. गायीला ढकलतोय. ती गाय कुठाय?" मुलीनं झटकन दुसऱ्या चित्रावर बोट ठेवलं, आणि एवढं साधं होतं तर आधीच का नाही सांगितलं, अशा नजरेनं मॅडमकडं बघितलं.

मॅडमनी आम्हाला समजावून सांगितलं. हिला ऐकू येतं, शब्द माहीत आहेत, वाचताही येतं. पण एका वाक्याच्या पोटात दुसरं वाक्य आलं की कुणी काय केलं ते हिच्या हातून निसटतं. मग जे शब्द आधी आले ते आधी घडलं, असं धरून ती चालते. हा आळस नाही आणि मंदपणाही नाही. अशी मुलं पुष्कळ असतात, ती बोलती-चालती असतात म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. मी विचारलं, गोळी-औषध काय? त्या म्हणाल्या, "गोळी नाही. तुम्ही तोडून बोला. जे आधी करायचं ते आधी सांगा. शाळेतही तसंच सांगायला हवं. वाढत्या वयात बरंच जमेल, पण तिला मदत लागेल." कागदावर लिहूनही दिलं.

तोडून बोलणं ऐकायला सोपं आहे. माझ्या बोलण्यात एका वाक्याला दुसऱ्याचं शेपूट असतंच, आणि चिडले की तिसऱ्याचंही. तरी मी शिकले. "गिरणी झाड. झाडून झालं की मला सांग. मग उपवासाचं टाक." पहिल्यांदा असं सांगितलं तेव्हा तिनं सगळं नीट केलं आणि वर मला विचारलं, "काकूंना देऊन येऊ का?" मला रडू आलं. आनंदाचं का वाईट वाटल्याचं, ते मलाही सांगता येणार नाही.

तेव्हाच मला एक कोडं सुटलं. पोथीतल्या सगळ्या कथा मुलीला पाठ होत्या. कोण कुणाचा मुलगा, कुणाला शाप मिळाला, सगळं. त्यामुळंच तिला कळत नाही यावर कुणाचा विश्वास बसत नव्हता. त्या कथा तिला कळायच्या त्या आबांमुळं. आबा म्हणजे माझे चुलत सासरे, पोथीचे सूचक. साखर कारखान्यात उसाच्या काट्यावर होते, आता रिटायर. त्यांना दमा आहे. एका दमात चार-पाच शब्दांच्या वर त्यांच्यानं बोलवत नाही. त्यामुळं त्यांचा अर्थ असा असतो: "म्हंजी काय झालं? राजा उठला. उठून कुठं गेला? रानात गेला. कावून गेला? बायकू रुसली." यात शहाणपण काही नाही, छातीत हवा कमी. शिवाय आबा पदरचं भरपूर घालतात. त्यांच्या अर्थात राजा एसटीनं येतो आणि ऋषी स्टँडवर चहा घेतो. माझी मुलगी बरेच दिवस त्या ऋषीला चहाचं व्यसन आहे असं समजत होती.

मॅडमचा कागद घेऊन मी शाळेत गेले. तिचे वर्गशिक्षक वाईट माणूस नाहीत. टंचाईच्या दिवसांत शाळेच्या टाकीत पाणी नसलं की ते मोटारसायकलवर जार बांधून आणायचे, स्वतःच्या पैशानं. त्यांनी कागद वाचला, घडी घातली आणि हसले. "ताई, आख्ख्या तालुक्यात असं वाचणारं लेकरू न्हाई. परिपाठाच्या बातम्या रोज तीच वाचते. तिला कळत न्हाई कसं म्हणता? मन लावत न्हाई, असं म्हणा. त्या मॅडमनी तिचं वाचन ऐकलं तरी का?"

मी म्हटलं, "वाचन आन कळणं एकच असतं का, सर?"

"मग दुसरं काय असतं?" त्यांनी मला खरंच विचारलं. भांडायच्या सुरात नव्हे. त्यांना ते खरोखर माहीत नव्हतं.

गणितातल्या शाब्दिक उदाहरणांत तिचे सगळ्यात जास्त हाल व्हायचे. 'दुकानदाराने आणलेल्या आंब्यांपैकी जे आंबे खराब निघाले ते फेकून दिल्यावर उरलेले आंबे ज्या टोपल्यांत भरले' असं काहीतरी असायचं. ती उभी राहून मोठ्यानं वाचायची आणि मग दिसतील ते सगळे आकडे मिळवून टाकायची. उत्तर चुकलं की पोरं हसायची. सर म्हणायचे, "पुन्हा वाच." ती पुन्हा वाचायची. आणखी छान वाचायची. सरांना वाटायचं ही आपली थट्टा करते आहे.

सातवीच्या वर्षी आषाढात तिनं दप्तर खुंटीला लावलं. "मला शाळेत न्हाई जायचं."

"कावून?"

"मी येडी हाय."

"कोण म्हणलं तुला?"

"कुणी न्हाई. मला कळत न्हाई, एवढं मला कळतं."

मी समजावलं, रागावले, गोड बोलले, तिच्या आवडीचे शेंगदाण्याचे लाडू केले. पालथ्या घड्यावर पाणी. ती रोज सकाळी गिरणीत पोत्यावर येऊन बसायची. तोडून सांगितलेलं प्रत्येक काम करायची. गिऱ्हाइकं म्हणायची, पोर हाताखाली आली, बरं झालं. नवरा फोनवर म्हणाला, "राहू दे आता. सातवी म्हंजी लई झालं. गिरणी शिकंल, पोथी वाचंल." नात्यातल्या एकीनं तर आत्तापासून स्थळाचा विषय काढला. आमच्याकडं पोरीची शाळा सुटली की पुढची वाट मांडवाकडंच जाते, आणि लवकर जाते. माझी तशीच गेली होती. मला ते नको होतं. ही पोर शाळेत हवी होती, बाकी मला काही नको होतं. आणि तिला तिथं परत कसं न्यायचं, ते मला सुचत नव्हतं. जिथं रोज हसतात तिथं जा, हे कुठल्या तोंडानं सांगायचं?

श्रावण लागला. शाळा सोडली तरी पोथी तिनं सोडली नाही. देवळात तिला कुणी येडी समजत नव्हतं. पण त्या वर्षी आबांचा दमा वाढला आणि डॉक्टरांनी बोलायची बंदी केली. सूचक कोण? कुणीतरी सरांचं नाव काढलं. सर एम.ए. झालेले, वक्तृत्वाची बक्षिसं मिळवलेले. एका रविवारी दुपारी ते पांढरा सदरा घालून येऊन बसले.

मी गिरणीत होते. गिरणी चालू असली की जगातलं दुसरं काही ऐकू येत नाही. तेवढ्यात लाइट गेली. थर्मलची धुराडी आमच्या गच्चीवरून दिसतात, पण लाइट जायची ती जातेच. देवळातला भोंगा बॅटरीवर असतो. गिरणी बंद पडली आणि मला मुलीचा आवाज ऐकू आला. ओवी संपली. मग सरांचा भरदार आवाज: "आपल्या धाकट्या राणीच्या सांगण्यावरून राजाने वनात पाठवलेल्या थोरल्या राणीच्या मुलाला परत आणण्यासाठी गेलेल्या प्रधानाला, ज्या ऋषींच्या आश्रमात तो मुलगा वाढला होता, त्यांनी अडवले."

आता पुढची ओवी यायला हवी होती. भोंगा गप्प. मला वाटलं बॅटरी उतरली.

मग मुलीचा आवाज आला. "सर, कुणाला अडवलं?"

सरांनी तेच वाक्य पुन्हा म्हटलं, जास्त जोरात.

"मला न्हाई कळलं."

सर हसले. भोंग्यातून ते हसू गावभर गेलं. "अगं, तूच तर आत्ता वाचलंस."

"वाचलं. कळलं न्हाई." ती थांबली. "मला वाचलेलं कळत न्हाई, सर. कधीच न्हाई कळलं. आबा सांगत्यात तवा कळतं."

मी पिठाच्या हातांनी तशीच निघाले. चप्पल घातली की नाही तेही आठवत नाही. गावात जिथं तिला मान होता ती एकच जागा उरली होती, आणि ती तिनं स्वतःच्या तोंडानं, भोंग्यावरून, घालवली होती. गल्लीतून जाताना दारादारांत बायका उभ्या होत्या. माझ्याकडं बघत होत्या.

मी देवळाच्या पायरीवर पोचले तेव्हा आत कुजबुज चालू होती. एक म्हातारे गृहस्थ विचारत होते, वाचणारीला काही कळतच नव्हतं, तर इतक्या वर्षांच्या पोथीचं पुण्य लागलं का वाया गेलं? आबा खांबाला टेकून बसले होते, गळ्याला टॉवेल गुंडाळलेला. ते डॉक्टरांना न जुमानता बोलले. "वाचणाऱ्याला कळतच असतं तर... सूचक कशाला ठिवला असता? गप बसा की." आणि त्यांना जी खोकल्याची ढास लागली ती थांबेना. लोक पुण्य विसरून त्यांना पाणी द्यायला धावले.

सर मात्र मुलीकडं वळून बसले होते. त्यांच्या तोंडावरचं हसू गेलं होतं. "परिपाठाच्या बातम्या?" त्यांनी हळू विचारलं.

"त्याबी न्हाई."

"गणितातली उदाहरणं?"

तिनं नुसती मान हलवली. मला वाटलं आत जावं, तिला उचलावं आणि घरी न्यावं. पण ती रडत नव्हती. पोथीवर बोट तसंच धरून बसली होती, कुठवर आलो ते हरवू नये म्हणून. मग सरांना म्हणाली, "एक एक सांगा ना, सर. आधी कोण गेलं?"

सरांनी सुरुवात केली, "राणीच्या सांगण्यावरून—"

"कोणती राणी?"

"धाकटी."

"ती काय म्हणली?"

"थोरलीच्या मुलाला वनात पाठवा, म्हणाली."

"राजानं पाठवलं?"

"पाठवलं."

असं चाललं. बक्षिसं मिळवलेल्या माणसाला घाम फुटला होता. सवयीनं वाक्य लांबायला लागलं की ती त्यांना थांबवायची, उद्धटपणानं नाही, आबांशी बोलते तशीच. मागून एक बाई म्हणाली, "सर, आमालाबी तसंच सांगा. आमीबी नुसत्या माना डोलवतोय." सगळ्या हसल्या. शेवटी मुलगी म्हणाली, "म्हंजी प्रधान गेला. ऋषीनं प्रधानाला अडवलं. पोरगं आश्रमातच राह्यलं."

"हो," सर म्हणाले.

तिनं पुढची ओवी वाचली.

दिवस मावळायच्या सुमाराला सर गिरणीवर आले. हातात दळण नव्हतं. मी त्यांच्यासाठी चार खरमरीत वाक्यं तयार ठेवली होती, मॅडमच्या कागदाची घडी घातल्यापासूनची. पण ते माझ्याशी बोलायला आलेच नव्हते. ते मुलीसमोरच्या पोत्यावर बसले, पांढऱ्या सदऱ्याला पीठ लागतंय हे न बघता.

"उद्या सकाळची शाळा आहे," ते म्हणाले. थांबले. "तू ये." पुन्हा थांबले. "मी तोडून सांगीन."

ती केरसुणीनं पीठ गोळा करत होती. तिनं मान वर केली नाही. "आन न्हाई कळलं तर?"

"हात वर कर."

"लई येळा करीन, सर."

"कर."

"पोरं हसतील."

हसणार नाहीत असं सर म्हणाले असते तर ती उठून आत गेली असती, हे मला पक्कं माहीत होतं.

"हसतील," ते म्हणाले. "मीबी हसलो होतो आज. तरी तू विचारलंस."

तिनं केरसुणी भिंतीला लावली. आत गेली आणि ट्रंकेतून शाळेचा ड्रेस काढून आणला. अंगाला लावून बघितला. गेल्या वर्षीचाच तो, आखूड झाला होता. तिनं तो माझ्यापुढं धरला. मी सुई-दोरा घेतला, सरांच्या समोरच खाली बसले आणि खालच्या दुमडीची शिलाई उसवायला लागले, आणि रडू येतंय ते मी लपवलं नाही.